अडलेले पाणी, तापलेले इंजिन

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा एक भागच चाकांपर्यंत पोहोचतो. पेट्रोल इंजिनाचा ढोबळ हिशेब असा, की सुमारे एक तृतीयांश ऊर्जा उपयोगी कामात येते, जवळपास तेवढीच सायलेन्सरमधून गरम वायूंबरोबर निघून जाते आणि उरलेली सिलिंडरच्या भिंती, पिस्टन आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसवलेले धातूचे झाकण, यांच्यात उतरते. धातूत उतरलेली ही उष्णता बाहेर काढून हवेत सोडणे हे शीतन यंत्रणेचे काम आहे. घाट चढणारी एखादी मोटार ३० किलोवॉट शक्ती देत असेल, तर तिच्या इंजिनातल्या पाण्यालाही जवळपास तेवढ्याच मापाची उष्णता अखंड वाहून न्यावी लागते. घरातले २ किलोवॉटचे १५ गीझर एकाच वेळी चालू ठेवावेत एवढी ती उष्णता भरते. हे ओझे वाहणारे पाणी मात्र लहान मोटारीत अवघे ५-६ लिटर असते. उष्णता बाहेर जाणे पूर्ण थांबले, तर एवढे पाणी सेकंदाला एक अंशाहून अधिक वेगाने तापू शकते. भोवतालचा धातू त्यातली काही उष्णता शोषून घेतो म्हणून प्रत्यक्षात थोडी सवड मिळते, पण ती काही मिनिटांपलीकडची नसते.

ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि ज्या ॲल्युमिनियमचे पिस्टन आणि हेड बनलेले असतात ते ६६० अंशांच्या आसपासच वितळते. तरीही इंजिन टिकते, कारण हे टोकाचे तापमान फार थोडा वेळ राहते आणि धातूच्या मागच्या बाजूने सतत पाणी फिरत असते. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा जो पातळ थर पिस्टनला घासण्यापासून वाचवतो, तो टिकण्यासाठी त्या भिंतीचे तापमान साधारण २०० अंशांच्या खाली राहावे लागते. पाण्याचे फिरणे मंदावले की आधी हा थर धोक्यात येतो आणि पाठोपाठ धातू.

पाण्याचा मार्ग बंदिस्त आणि चक्राकार असतो. वॉटर पंप पाण्याला इंजिनात ढकलतो. तेथे सिलिंडरांभोवती आणि हेडच्या पोटात ओतकामातच ठेवलेल्या पोकळ्यांमधून, ज्यांना वॉटर जॅकेट म्हणतात, ते फिरते आणि तापून वरच्या होज पाइपमधून रेडिएटरमध्ये येते. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांमधून जाताना ते आपली उष्णता नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांना, म्हणजे फिन्सना देते, फिन्समधून वाहणारी हवा ती घेऊन जाते आणि निवलेले पाणी खालच्या होजमधून पुन्हा पंपाकडे वळते. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये थर्मोस्टॅट ही झडप असते. तिच्या पोटातले मेण ठरावीक तापमानाला, बहुतेक मोटारींत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, वितळून फुगते आणि झडप उघडते. त्याआधी पाणी रेडिएटरला वगळून इंजिनातच फिरत राहते, जेणेकरून इंजिन लवकर गरम व्हावे. रेडिएटरच्या झाकणातही एक स्प्रिंग असते, जी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बारने अधिक राखते, आणि या वाढीव दाबामुळे समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळणारे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. थोडक्या रुपयांच्या या झाकणाची स्प्रिंग मऊ पडली किंवा त्याचे रबर चिरले, तर बाकी सारी यंत्रणा ठणठणीत असूनही गाडी घाटात उकळू लागते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने लोणावळ्याला उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांनाच उकळते, हेही या ठिकाणी लक्षात घ्यावे लागते.

ही रचना आजच्या रूपाला यायला काही दशके लागली. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीत पाणी सरळ उकळून वाफ होऊन जाई आणि वाटेत पुन्हा भरावे लागे. विल्हेल्म मायबाख याने १९००-०१ मध्ये मर्सिडीज मोटारीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला, ज्यात ६ मिलिमीटर चौकोनी पोकळीच्या ८,००० हून अधिक छोट्या नळ्या होत्या. हवा या नळ्यांमधून आणि पाणी त्यांच्या मधल्या फटींमधून जाई, त्यामुळे थोड्या पाण्यात मोठ्या शक्तीचे इंजिन थंड ठेवणे शक्य झाले. फोर्ड कंपनीच्या १९०८ ते १९२७ या काळातल्या मॉडेल टी या गाडीत, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, एवढ्या तत्त्वावर तिचे चक्र चाले आणि त्यासाठी पाण्याच्या वाटा रुंद ठेवाव्या लागत. पुढच्या काळात पंप, दाब आणि अधिकाधिक अरुंद नळ्या यांच्या जोरावर रेडिएटर आकाराने लहान आणि कामाने मोठे होत गेले, आणि आज बहुतेक मोटारींच्या रेडिएटरमधील चपट्या नळीची आतली फट दीड-दोन मिलिमीटरचीच असते. जास्तीत जास्त पाणी धातूला स्पर्श करून जावे म्हणून ती मुद्दाम इतकी अरुंद ठेवलेली असते. तीच अरुंद फट गाळाचा एक कण किंवा क्षाराची एक कपची अडवायलाही पुरेशी ठरते, आणि म्हणून आधुनिक शीतन यंत्रणा जितकी कार्यक्षम तितकीच आत भरलेल्या द्रवाच्या शुद्धतेबाबत नाजूक झाली आहे.

त्या फटीत अडकते काय, हे समजून घेण्यासाठी पाण्याच्या रसायनाकडे वळावे लागते. जमिनीतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. पाणी तापले की कॅल्शियम बायकार्बोनेटातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरते, जे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मीठ-साखरेसारखे पदार्थ गरम पाण्यात अधिक विरघळतात, पण कॅल्शियम कार्बोनेटाची विद्राव्यता उलट तापमानाबरोबर घटते, आणि म्हणून ते पाण्यातल्या सर्वांत गरम पृष्ठभागावर, गीझरमध्ये कॉइलवर आणि इंजिनात हेडमधील एक्झॉस्ट वॉल्व्हच्या आसपास, पांढरट-करड्या थराच्या रूपाने बसते. दख्खनच्या बसाल्टमधून झिरपलेल्या पाण्यात, विशेषतः कमी पावसाच्या तालुक्यांतील खोल बोअरवेलच्या पाण्यात, हे क्षार भरपूर असू शकतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने लिटरला २०० मिलिग्रॅम एकूण कठीणता ही स्वीकारार्ह मर्यादा मानली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट दिली आहे. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेले पाणीही रेडिएटरच्या दृष्टीने फार क्षारयुक्त असू शकते.

लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार असलेले ६ लिटर पाणी रेडिएटरमध्ये एकदा भरले, तर त्यातला सगळा क्षार खाली बसला तरी तो अडीच ग्रॅमच्या आत राहतो, आणि एवढ्याने कोणताही रेडिएटर बंद पडत नाही. तेच पाणी कुठेतरी झिरपणाऱ्या यंत्रणेत रोज एक लिटर या प्रमाणात भरले जात असेल, तर वर्षाला दीडशे ग्रॅमच्या आसपास क्षार आत जातो आणि त्यातला बराचसा आतच राहतो, कारण पाणी तापले की तो धातूवर बसतो आणि जे पाणी वाफ होऊन जाते तेही क्षार मागे ठेवते. अडलेल्या रेडिएटरच्या मुळाशी बहुधा एक न शोधलेली गळती असते. सकाळी झाकण उघडून पाणी भरायची सवय गाडी चालती ठेवते, पण प्रत्येक वेळी नवे क्षार आणि हवेतला नवा ऑक्सिजन आत घेऊन येते. म्हणूनच रेडिएटर धुऊन दिला आणि पाणी कमी का होत होते हे पाहिले नाही, तर ते काम अर्धवट राहिले असे समजावे.

बसलेला थर दोन प्रकारे घात करतो. ओतीव लोखंडाच्या तुलनेत हा क्षार २५ पट किंवा त्याहून अधिक उष्णतारोधक असतो, त्यामुळे हेडच्या आतल्या बाजूला एक मिलिमीटर थर साचला तर मध्ये २५ मिलिमीटर जाडीचे लोखंड घातल्यासारखा परिणाम होतो. पाणी जवळून वाहत असते, पाण्याचे तापमान दाखवणारा काटाही फारसा हललेला नसतो, आणि तरीही वॉल्व्हच्या सीटजवळचा धातू प्रमाणाबाहेर तापत राहतो. दुसरा घात थराच्या कपच्या सुटू लागल्यावर होतो, कारण त्या प्रवाहाबरोबर रेडिएटरच्या नळ्यांच्या तोंडाशी येऊन अडकतात. ज्यात सिलिंडर असतात त्या लोखंडी ब्लॉकचा गंजही हेच करतो आणि पाण्याला विटकरी रंग देतो. हेड व ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट फुटून किंवा ऑइल कूलर गळून तेल पाण्यात मिसळले, तर तपकिरी लगदा तयार होतो, जो साध्या पाण्याने निघत नाही. दोन वेगवेगळ्या रसायनांवर आधारलेले कूलंट एकमेकांत मिसळल्यानेही कधी कधी जेलीसारखा चिकट साका धरतो. कूलंटच्या रंगावरून त्याचे रसायन ओळखता येत नाही, कारण रंगांचे कोणतेही सर्वमान्य मानक नाही आणि एकच हिरवा रंग दोन कंपन्यांच्या अगदी भिन्न द्रवांना दिलेला असू शकतो.

गळती थांबवण्यासाठी आत टाकलेले पदार्थ हे अडथळ्याचे आणखी एक कारण असून त्याची जबाबदारी सर्वस्वी माणसाची आहे. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा रस्त्यावरचा उपाय भारतात जुना आहे. हळदीचे कण पाण्यात फुगून भोकाशी जमतात आणि थेंब थांबतो. बाजारात मिळणारी गळतीरोधक पूड किंवा द्रवही साधारण याच तत्त्वावर चालतात. निर्जन रस्त्यावर पुढच्या गावापर्यंत पोहोचण्यासाठी हा उपाय क्षम्य आहे, पण जो पदार्थ भोकात जमू शकतो तो दीड मिलिमीटरच्या फटीतही जमू शकतो. गावात पोहोचल्यावर यंत्रणा धुऊन गळती दुरुस्त केली नाही, तर तात्पुरत्या उपायाचीच पुढे दुरुस्ती करावी लागते.

अडथळा बाहेरूनही होतो, आणि महाराष्ट्रातल्या शेतीत तो फार आढळतो. मळणीच्या वेळी उडणारा भुसा, उसाच्या फडातले पाचट आणि धूळ, कापसाचे तंतू हे सारे ट्रॅक्टरच्या पंख्याने ओढलेल्या हवेबरोबर जाळीतून येऊन फिन्समध्ये बसतात आणि वर डिझेल किंवा तेलाचा ओलावा असेल तर त्यांचा घट्ट लेप होतो. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पूर्ण ताकदीने पण अगदी संथ वेगाने चालतो, म्हणजे उष्णता सर्वाधिक आणि धावण्यातून मिळणारा वारा जवळपास शून्य. अशा वेळी निम्म्या फिन्स झाकलेल्या असतील तर पाणी उकळणे ठरलेलेच. यावरचा उपाय स्वस्त आहे. हवेचा किंवा पाण्याचा मंद झोत पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, म्हणजे कचरा ज्या दिशेने आला त्याच्या उलट, सोडावा. जोराच्या झोताने पातळ फिन्स वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

आतून अडलेला रेडिएटर बराच काळ काहीच सांगत नाही, कारण कंपनीने तो सर्वांत वाईट परिस्थितीचा विचार करून मोठा बनवलेला असतो. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने चालणाऱ्या मोटारीला त्याच्या क्षमतेचा लहानसा भाग पुरतो, त्यामुळे एक तृतीयांश नळ्या बंद झाल्या तरी शहरातल्या रोजच्या जाण्या-येण्यात त्याचा पत्ता लागत नाही. मग मे महिन्यात भरलेल्या गाडीने, एसी चालू ठेवून, कसारा किंवा खंडाळा घाट चढायला घेतला, की उरलेली क्षमता अपुरी पडते आणि काटा चढू लागतो. बिघाड घाटात झाला असे वाटते, पण घाटाने तो फक्त उघड केलेला असतो.

त्या क्षणी काय करावे, हे पाणी आत शिल्लक आहे की नाही यावर ठरते. काटा चढत आहे पण वाफ नाही, अशा वेळी एसी बंद करावा, काचा उघडून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवावा, कारण हीटर हा एक छोटा दुसरा रेडिएटरच असतो आणि तोही इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. मग सुरक्षित जागी थांबून इंजिन न्यूट्रलमध्ये थोडा वेळ चालू ठेवल्यास पंप आणि पंखा काम करत राहतात आणि काटा उतरू लागतो. तो उतरला नाही, वाफ दिसली किंवा हीटरमधून अचानक थंड हवा येऊ लागली, तर इंजिन ताबडतोब बंद केले पाहिजे. हीटरची थंड हवा हे पाणी संपत आल्याचे लक्षण असते. एरवी विश्वासार्ह वाटणारा काटाही अशा वेळी फसवू शकतो, कारण त्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतानाच बरोबर माप देतो आणि पातळी उतरून तो वाफेत किंवा हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजत असताना काटा खाली आलेला दिसतो.

गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आत ११० अंशांचे पाणी केवळ दाबामुळे द्रवरूपात राहिलेले असते. झाकण सैल होताच दाब जातो, पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,६०० पट वाढत असल्याने उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर येते. अशा भाजण्याने डोळे जाऊ शकतात. वरचा होज हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास, थांबणे हाच मार्ग आहे. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर ते सुरू करून थोडे थोडे पाणी घालावे. जवळ फक्त बोअरचे किंवा विहिरीचे पाणी असेल, तर वर केलेल्या हिशेबाप्रमाणे एका भरण्याने काही बिघडत नाही, मात्र घरी पोहोचल्यावर ते काढून टाकावे.

गॅरेजमध्ये पहिला प्रश्न गाडी कधी तापते हा असतो, आणि चांगला मेस्त्री स्पॅनर हातात घेण्याआधी तो विचारतो. सिग्नलला किंवा गर्दीत तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर निवणारी गाडी बहुधा पंख्याचा दोष दाखवते, मग तो मोटरचा, रिलेचा किंवा सैल फॅन बेल्टचा असो, कारण वेगात असताना वारा पंख्याची उणीव भरून काढतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापणारी गाडी पाण्याच्या प्रवाहाकडे, म्हणजे अडलेल्या रेडिएटरकडे किंवा झिजलेल्या पंपाकडे बोट दाखवते. सुरू केल्यापासून काही मिनिटांतच तापणाऱ्या गाडीत वरचा होज थंडच राहिला असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. आणि रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट फुटून ज्वलनाचे वायू पाण्यात शिरत असल्याचा संशय घ्यावा. याची खात्री एका निळ्या चाचणी-द्रवाने होते: रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा त्यातून खेचली असता त्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा पडतो.

रेडिएटरच अडला आहे असे वाटत असेल, तर तपासणीचे तीन मार्ग आहेत. झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात नळ्यांची तोंडे पाहता आली, तर त्यांच्यावरचा पांढरा किंवा विटकरी थर डोळ्यांनाच दिसतो. इंजिन गरम आणि थर्मोस्टॅट उघडा असताना लांबून तापमान मोजणारे इन्फ्रारेड यंत्र रेडिएटरच्या पृष्ठभागावरून फिरवले, तर पाणी फिरणारा भाग सलग उतरत जाणारे तापमान दाखवतो आणि ज्या नळ्या बंद आहेत तेथे एकदम थंड पट्टा लागतो. याच यंत्राने पाणी आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या जागेचे तापमान मोजले, तर आणखी एक गोष्ट कळते: इंजिन तापलेले असूनही या दोन तापमानांत मोठा फरक असेल, तर पाणी फार हळू वाहत आहे, फरक अगदी थोडा असेल, तर पाणी वाहते पण हवा त्यातली उष्णता घेत नाही, म्हणजे फिन्स, पंखा किंवा नळ्यांच्या आतला थर यांकडे पाहावे. तिसरी खूण खालच्या होजची. इंजिनाचा वेग वाढवल्यावर तो आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर पंप ओढत असूनही रेडिएटर पुरेसे पाणी सोडत नाही. मात्र त्या होजच्या आतली आधाराची स्प्रिंग गंजून गेली असली तरी हेच घडते, म्हणून ती आधी पाहून घ्यावी.

दोष सापडत नाही तेव्हा थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडील सवय येथे आवर्जून नोंदवावी लागते, कारण ती जितकी सार्वत्रिक तितकीच घातक आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन हलक्या कामात पुरेसे गरम होत नाही, इंधन जास्त जळते, तेलात ओलावा साठतो आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय अनेक इंजिनांमध्ये थर्मोस्टॅटची खालची चकती, झडप उघडताना, रेडिएटरला वगळणारी आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ती आडवाट कायम उघडी राहते, पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे जातच नाही, आणि जे इंजिन थंड करण्यासाठी हा खटाटोप केला तेच चढावर अधिक तापते. थर्मोस्टॅटची परीक्षा करायला पातेले, पाणी आणि तापमापक पुरतात: पाणी तापवत नेल्यावर झडपेवर कोरलेल्या तापमानाजवळ ती उघडायला लागली पाहिजे.

प्रत्यक्ष सफाईची सुरुवात थंड इंजिनापासून होते. जुना द्रव भांड्यात काढून घ्यावा, थर्मोस्टॅट तेवढ्यापुरता काढावा आणि रेडिएटर व इंजिन वेगवेगळे धुवावेत, नाहीतर इंजिनातला गाळ रेडिएटरमध्ये जाऊन बसतो. रेडिएटर उलट्या दिशेने धुणे महत्त्वाचे आहे, म्हणजे पाणी खालच्या तोंडातून आत सोडून वरच्या तोंडातून बाहेर काढायचे. वरून आलेल्या कपच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकलेल्या असतात आणि त्याच दिशेने पाणी सोडल्यास त्या आणखी घट्ट बसतात. साध्या नळाचा दाब यासाठी पुरेसा आहे, कारण कॉम्प्रेसरच्या दाबाने नळीचा सांधा फुटू शकतो. क्षाराचा थर असेल, तर लिटरला सुमारे ५० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, पाण्यात विरघळवून ते यंत्रणेत भरावे, थर्मोस्टॅट परत बसवून इंजिन नेहमीच्या तापमानाला पंधरा-वीस मिनिटे चालवावे आणि निवल्यावर द्रव काढून टाकावा. आम्लामुळे कार्बोनेटातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थर ढिला होतो, गंजही काही प्रमाणात विरघळतो. परंतु तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसे विरघळत नसल्याने थर जाड असेल तर एकदाच तीव्र द्रावण वापरण्यापेक्षा सौम्य द्रावणाने दोन-तीनदा धुणे बरे. शेवटी खायच्या सोड्याच्या पातळ द्रावणाने उरलेले आम्ल मारून, काढलेले पाणी अगदी स्वच्छ दिसेपर्यंत धूत राहावे.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा या दोन झटपट उपायांपासून मात्र दूर राहिले पाहिजे. तांबे-पितळेच्या रेडिएटरच्या काळात कॉस्टिक सोडा वापरला जाई, पण तो ॲल्युमिनियमला झपाट्याने खातो आणि त्या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन निर्माण होतो. हायड्रोक्लोरिक आम्लही ॲल्युमिनियमला तसेच कुरतडते. आजच्या बहुतेक मोटारींचे रेडिएटर आणि हेड ॲल्युमिनियमचेच असतात.

रसायनाने न हटणाऱ्या अडथळ्यासाठी तांबे-पितळेच्या रेडिएटरवर एक जुनी कारागिरी अजून उपयोगी पडते. रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीर वरची व खालची टाकी डाग तापवून सुटी करतो, प्रत्येक चपट्या नळीतून त्या मापाची पोलादी पट्टी आरपार घालून थर खरवडतो आणि टाक्या परत झाळून, पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने गळती तपासतो. जुन्या ट्रक आणि ट्रॅक्टरांसाठी हे काम आजही होते आणि नीट केले तर रेडिएटर पुन्हा अनेक वर्षे टिकतो. ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर प्लास्टिकच्या टाक्या पत्रा मुडपून बसवलेल्या रेडिएटरला ही सोय नाही. तो धुऊनही थंड पट्टे दाखवत असेल, तर बदलणे हेच शेवटी स्वस्त पडते.

इंजिन एकदा जोरात तापले असेल, तर रेडिएटर दुरुस्त करून थांबता येत नाही. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते: ४०० मिलिमीटर लांबीचे हेड ६० अंशांनी जास्त तापले तर ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक वाढू पाहते, आणि ज्या लोखंडी ब्लॉकवर ते बोल्टने आवळलेले असते तो त्याच्या निम्माच वाढतो. जागा न मिळालेले हेड वाकते, आणि हेड व ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारे गॅस्केट सहसा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाकही सहन करत नाही. म्हणून हेड उतरवल्यावर त्याच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून, खालच्या फटीत फीलर गेज घालून वाक मोजतात, आणि तो मर्यादेत असेल तर लेथवाल्याकडून पृष्ठभाग सपाट करून घेतात, ज्याला गॅरेजच्या बोलीत हेड फेसिंग म्हणतात. हे न करता नवे गॅस्केट टाकले, तर ते थोड्याच दिवसांत फुटते, ज्वलनाचे वायू पाणी बाहेर ढकलू लागतात आणि पाणी भरण्याचे चक्र पुन्हा सुरू होते.

नवा द्रव भरताना कूलंट आणि क्षारविरहित पाणी यांचे मिश्रण वापरावे. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर या कामाला योग्य असते. कूलंटचा मुख्य घटक इथिलीन ग्लायकोल हा थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून वापरात आला, पण दख्खनच्या उन्हातही त्याची गरज आहे, कारण तो उत्कलनबिंदू काही अंशांनी वाढवतो आणि त्याच्याबरोबर मिसळलेले गंजरोधक पदार्थ लोखंड, ॲल्युमिनियम आणि पितळ या एकमेकांशी न पटणाऱ्या धातूंना एकाच द्रवात सुरक्षित ठेवतात. त्याचे प्रमाण वाढवल्याने गारवा वाढत नाही. निम्मे निम्मे मिश्रण साध्या पाण्यापेक्षा सुमारे पंधरा-वीस टक्के कमी उष्णता वाहते, म्हणून कंपनीने सांगितलेले प्रमाण ओलांडू नये. गंजरोधक पदार्थ हळूहळू संपत जातात, आणि जुन्या प्रकारच्या कूलंटचे आयुष्य साधारण दोन वर्षे, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या नव्या प्रकाराचे पाच वर्षांपर्यंत असते. भरताना हीटर गरमवर ठेवावा, हवा काढण्याचे स्क्रू असतील तर ते उघडावेत आणि इंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पातळी भरत राहावे, कारण हेडमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा अडथळ्याइतकाच धातूला भाजतो. काढलेला जुना द्रव उघड्या गटारात किंवा अंगणात ओतू नये. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करणारे विष असून कुत्री, गुरे आणि लहान मुले यांना त्याचा खरा धोका असतो.

यानंतर इंजिन रात्रभर पूर्ण थंड झाल्यावर बाटलीवरच्या खुणेशी पातळी पाहून ठेवावी आणि पुढचे आठ-दहा दिवस रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, तीच पाहावी. आत अडकलेली उरलीसुरली हवा निघून गेल्याने पहिल्या एक-दोन दिवसांत ती किंचित उतरू शकते. त्यानंतरही ती उतरत राहिली, तर पाणी न घालता झाकणाच्या जागी दाबमापक पंप लावून यंत्रणा थंड इंजिनावर झाकणाच्या मर्यादेइतक्या दाबाला न्यावी आणि पंपाच्या खालचे छिद्र, होजच्या पट्ट्या, हीटरच्या खालचे पायपुसणे, तेलाच्या काडीवरचा रंग या क्रमाने गळती शोधावी.